गाडी सापडते

‘अज्ञात वाहनाच्या धडकेत दुचाकीस्वार ठार.’ आमच्या तालुक्यात ही बातमी चार ओळींची असते. मृताचं नाव, त्याचं गाव, कोहमाऱ्यापासून किंवा सौंदडपासूनचं अंतर, आणि शेवटी ‘पुढील तपास पोलीस करीत आहेत’. तपासाचं पुढे काय झालं, गाडी कोणाची निघाली, त्या घराला काय मिळालं, हे छापून येत नाही. बहुतेक वेळा छापण्यासारखं काही घडलेलंच नसतं. ते घडावं म्हणून आम्ही एकत्र येत आहोत.

आम्ही म्हणजे सडक अर्जुनी, कोहमारा, सौंदड, डव्वा, पांढरी आणि आजूबाजूच्या टोल्यांवरची माणसं. रोवणीच्या दिवसांत बांधावर असणारी, तेंदूपत्त्याच्या हंगामात अंधारातच जंगलाकडे निघणारी, दिवाळीनंतरच्या मंडईत रात्रभर नाटक पाहून झोपाळलेल्या डोळ्यांनी पहाटे घरी परतणारी. आमच्या दारावरून राष्ट्रीय महामार्ग ५३ जातो. म्हातारी माणसं त्याला अजून ‘नॅशनल हायवे सहा’ म्हणतात. गुजरातच्या हजिऱ्यापासून ओडिशाच्या पारादीप बंदरापर्यंतचा हा रस्ता; भिलाई-रायपूरचं लोखंड आणि सिमेंट रात्रंदिवस त्यावरून नागपूरकडे वाहत असतं. कोहमाऱ्याच्या चौकात गोंदियाकडून आलेला रस्ता त्याला मिळतो आणि पुढे नवेगावबांधकडे निघून जातो. लांबच्या ड्रायव्हरला आमचा तालुका म्हणजे चहाच्या दोन थांब्यांमधलं अंतर. आम्हाला तोच रस्ता ओलांडून शेतात जायचं असतं, दवाखान्यात जायचं असतं, मुलीला शाळेत सोडायचं असतं.

या रस्त्यांवर माणसं मरतात आणि सरकार धावून येतच नाही, असं आम्ही म्हणणार नाही. २९ नोव्हेंबर २०२४ ला गोंदिया-कोहमारा रस्त्यावर आमच्याच तालुक्यात शिवशाही बस उलटली. ११ माणसं गेली. पंतप्रधानांपासून मुख्यमंत्र्यांपर्यंत सगळ्यांनी शोक व्यक्त केला, मृतांच्या वारसांना १० लाख रुपये जाहीर झाले, वाहिन्यांच्या गाड्या आल्या. ते योग्यच झालं. पण त्या दिवशी बस तिथेच पडलेली होती. क्रमांक वाचता येत होता, मालक महामंडळ होतं, ते कोणाला नाकारता येत नव्हतं. एकट्या माणसाला रात्री ठोस मारून गाडी निघून गेली, की यातलं काहीच उरत नाही. मालक नाही, क्रमांक नाही, आणि मग कोणाला उत्तरही द्यावं लागत नाही. एका घरापुरतं दुःख दोन्ही वेळी सारखंच असतं. सरकारदरबारी मात्र ११ एकत्र गेले तर ती दुर्घटना होते, ११ वेगवेगळ्या रात्री गेले तर त्या ११ फायली होतात.

देशाचा आकडा पाहा. २०२२ या एका वर्षात भारतात धडक देऊन पळून गेल्याचे ६७,३८७ अपघात नोंदले गेले आणि त्यांत ३०,४८६ माणसं मेली. गाडी सापडली नाही तरी अशा घरांना सरकारी योजनेतून भरपाई मिळते. २०२२-२३ मध्ये त्या भरपाईसाठी देशभरातून अर्ज किती आले? २०५. निकाली निघाले ९५. हे आकडे आमचे नाहीत. अपघातांचा आणि अर्जांचा आकडा सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ च्या निकालात मांडलेला आहे. सदुसष्ट हजार अपघात आणि दोनशे पाच अर्ज यांच्यामधल्या खड्ड्यात आमच्यासारखी गावं पडलेली आहेत.

आता आमचं मुख्य म्हणणं. गाडी सापडते.

ऑगस्ट २०२५, राखीपौर्णिमेचा दिवस. नागपूर-जबलपूर महामार्गावर देवलापारच्या बाजूला एका ट्रकने दुचाकीला धडक दिली. मागे बसलेली पत्नी जागीच गेली. नवऱ्याने येणाऱ्या-जाणाऱ्यांना हात केले, कोणी थांबलं नाही. शेवटी त्याने तिचा मृतदेह दुचाकीला बांधला आणि गावाकडे निघाला. तो व्हिडिओ देशभर फिरला. पोलिसांजवळ ट्रकचा क्रमांक नव्हता, बनावट माहीत नव्हती. ट्रकवर लाल खुणा होत्या, एवढंच त्या माणसाला आठवत होतं. नागपूर ग्रामीण पोलिसांनी टोलनाक्यांवरचं चित्रण गोळा केलं आणि राज्य सरकारच्या ‘मार्व्हल’ या यंत्रणेतून संगणकाला ते चाळायला लावलं. लाल खुणांचे ट्रक वेगळे काढले, एका नाक्यावरून दुसऱ्या नाक्यापर्यंत कोण किती वेळात पोचलं ते ताडून पाहिलं, आणि ३६ तासांत तो ट्रक सुमारे ७०० किलोमीटर दूर ग्वाल्हेर-कानपूर महामार्गावर पकडला.

ज्यांनी हे केलं त्या पोलिसांचं आम्ही मनापासून कौतुक करतो. त्यांनी फार मोठी गोष्ट सिद्ध केली आहे. क्रमांक माहीत नसलेली, राज्य सोडून गेलेली गाडी दीड दिवसात सापडू शकते, हे आता कागदोपत्री आहे. ‘एवढ्या मोठ्या हायवेवर कुठे शोधणार?’ हा प्रश्न यापुढे आम्हाला कोणी विचारू नये. आमच्याही महामार्गावर साकोलीकडे सेंदूरवाफ्याचा टोलनाका आहे. फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा आहे. गाडी नाक्यावरून गेली की तिचा क्रमांक आणि वेळ नोंदली जाते. गोंदिया रस्त्यावर पेट्रोल पंप आहेत, राईस मिल आहेत, ढाबे आहेत, आणि त्यांतल्या कित्येकांच्या दारावर कॅमेरा आहे. फरक एवढाच, की देवलापारचा व्हिडिओ देशाने पाहिला होता. आमच्या माणसाचा व्हिडिओ कोणी काढलेला नसतो. मृतदेह दुचाकीला बांधून नेईपर्यंत तपासाला वेग येणार नसेल, तर तो वेग तंत्रज्ञानाने आलेला नाही, लाजेने आलेला आहे.

गाडी हरवते ती पहिल्या काही तासांत. धडक झाली की गर्दी जमते. जखमीला उचलून रस्त्याच्या कडेला नेतात, ते बरोबरच आहे. पण मग कोणीतरी मोडकी दुचाकी ओढून बाजूला लावतो, कोणी हेडलाईटच्या काचा पायाने सारतो, कोणी रक्तावर माती टाकतो. त्या काचांत, बंपरच्या तुकड्यांत, सायकलच्या मडगार्डला लागलेल्या रंगात गाडीचा पत्ता असतो. तुटलेल्या प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला बनवणाऱ्या कंपनीची खूण आणि सुट्या भागाचा क्रमांक कोरलेला असतो. पावसाळ्यात एक सर आली की रस्ता धुऊन निघतो. कॅमेऱ्यांचंही तसंच. बहुतेक दुकानांतल्या कॅमेऱ्यांत जुनं चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसलं जाऊन त्यावर नवं चढतं. अंत्यविधी उरकून, तेरवी उरकून घरची माणसं ठाण्यात जातात, तोवर त्या रात्रीचं चित्र जगात कुठेच शिल्लक नसतं. एवढंच पुरतं, कोणी कट करावा लागत नाही.

म्हणून आमची पहिली मागणी पोलिसांकडे नाही, आमच्या स्वतःकडे आहे, आणि ती ऐकून काही जण आमच्यावर रागावतील याची आम्हाला कल्पना आहे. थांबलेल्या ड्रायव्हरला आम्ही हात लावणार नाही. त्याची गाडी फोडणार नाही, पेटवणार नाही, क्लिनरला बांधून ठेवणार नाही. त्याला पाणी देऊ, बसवू, ११२ ला फोन लावू आणि पोलिसांच्या हवाली करू.

का? मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ वाचा. अपघात झाल्यावर ड्रायव्हरने जखमीला वैद्यकीय मदत मिळवून द्यायची आणि जवळच्या पोलीस ठाण्यात, कितीही उशीर झाला तरी २४ तासांच्या आत, कळवायचं, असं ते सांगतं. पण मदतीच्या त्या कर्तव्याला कायद्यानेच एक सूट ठेवली आहे: जमावाचा उद्रेक असेल तर. म्हणजे आमच्या रागाची नोंद देशाच्या कायद्यात आहे, आणि ती पळणाऱ्याच्या बाजूने आहे. भारतीय न्याय संहितेत कलम १०६ च्या दुसऱ्या पोटकलमात, माणूस मारून न कळवता पळणाऱ्या ड्रायव्हरला दहा वर्षांपर्यंत कैद लिहिली गेली. जानेवारी २०२४ मध्ये देशभरचे ड्रायव्हर संपावर गेले, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, त्या आठवत असतील. त्यांचं म्हणणं एकच होतं: थांबलो तर लोक जिवे मारतील, पळालो तर सरकार मारेल. १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली तेव्हा हे पोटकलम बाजूला थांबवून ठेवण्यात आलं. त्यांच्या म्हणण्यात पळवाट होती, पण खोटेपणा नव्हता. आम्ही मारायला धावतो हे खरं आहे. आमचं पोर गेलं म्हणून धावतो हेही खरं आहे. पण पाच मिनिटांच्या मारहाणीसाठी आम्ही जखमीच्या दवाखान्याची वेळ, पंचनाम्याची जागा आणि पुढच्या शंभर ड्रायव्हरांचं थांबणं घालवून बसतो. कोहमाऱ्याच्या चौकात, ढाब्यांवर, पंपांवर आम्ही मराठीत आणि हिंदीत फलक लावणार आहोत: या तालुक्यात थांबलेल्या ड्रायव्हरला कोणी मारत नाही. हा फलक खरा ठेवणं आमच्या हातात आहे. ज्या गावात तो एकदा खोटा ठरेल, त्या गावाने आमच्याबरोबर राहू नये.

दुसरी गोष्ट याहूनही अवघड. पळून गेलेली गाडी नेहमी परराज्यातलीच असते असं समजण्यात आपल्याला सोय वाटते. रायपूरचा ट्रक, हरियाणाचा कंटेनर, म्हटलं की विषय संपतो. पण मागचा दिवा नसलेली धानाची ट्रॉली आपली असते. लग्नाहून परतणारी जीप शेजारच्या गावची असते. सकाळी एखाद्याच्या अंगणात ताडपत्रीखाली झाकलेली, पुढून चेपलेली गाडी दहा जण पाहतात, आणि दहाही जण सोयऱ्यांचा विचार करून गप्प बसतात. आठ दिवसांनी ती तालुक्याबाहेरच्या गॅरेजमधून नवा बंपर लावून येते. आमच्याबरोबर येणारा प्रत्येक जण हे कबूल करील, की गाडी भावाची असली तरी तो पोलीस पाटलाला सांगेल. गॅरेजवाल्यांनाही आमची विनंती आहे. काम नाकारू नका, पोट सगळ्यांना आहे. पण काच फुटलेली, पुढून दबलेली गाडी आली तर बदलण्याआधी तिचा फोटो काढा, तारीख लिहा, जुना भाग फेकू नका.

आणि तिसरी, जी फारशी बोलली जात नाही. गाडी सापडत नाही असं दिसलं की घरी एक माणूस येतो. गोड बोलतो. सांगतो, विमा असलेली एक गाडी ‘उभी करून देतो’, ड्रायव्हरही तयार आहे, साक्षीदारही; दावा मिळाला की अर्धे-अर्धे. विधवा बाई, लहान लेकरं, डोक्यावर कर्ज. होय म्हणणारीला आम्ही दोष देत नाही. पण उभी केलेली खोटी गाडी खऱ्या गाडीचा शोध कायमचा बंद करते. मारणारा मोकळा सुटतो, आणि पुढच्या प्रत्येक खऱ्या दाव्याकडे विमा कंपनी संशयाने बघते. असा माणूस दारात आला तर आम्हाला बोलवा. त्याच्याशी बोलायला आम्ही दोघे-चौघे येऊ.

हे तीन शब्द स्वतःला दिल्यावरच पोलिसांकडे वळण्याचा हक्क आम्हाला मिळतो.

कोणत्याही एका ठाण्यावर वा अधिकाऱ्यावर हा आरोप नाही. महामार्गावरच्या ठाण्यांना किती कामं असतात ते आम्ही पाहतो: बंदोबस्त, दौरे, जंगलपट्ट्यातली गस्त, कोर्टाच्या तारखा, आणि अपुरी माणसं. तपासी अंमलदाराच्या टेबलावर एकाच वेळी किती गुन्हे असतात तेही दिसतं. पण पद्धत म्हणून जे चालतं ते चुकीचं आहे. मृत्यू झाला की आधी मर्ग, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद, दाखल होतो, आणि कित्येकदा गुन्हा नंतर केव्हातरी. नातेवाईक अंत्यविधीत असताना बयान घ्यायचं राहून जातं. दोन ठाण्यांच्या, दोन जिल्ह्यांच्या सीमेवर धडक झाली असेल तर हद्दीचा प्रश्न निघतो. काही महिन्यांनी फाईलवर ‘अ’ समरीचा अहवाल जातो: गुन्हा खरा, आरोपी सापडला नाही. घरच्यांना ते कळतं, कळलं तर, कधीतरी कोणाच्या तरी तोंडून.

म्हणून कायद्यात जे आधीच लिहिलेलं आहे तेच आम्ही मागतो, त्याहून एक ओळ जास्त नाही. हद्द कोणाचीही असो, गुन्हा आधी नोंदवा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तसंच आहे. एफआयआरची प्रत फिर्यादीला फुकट द्या. ४८ तासांत अपघाताचा प्राथमिक अहवाल मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जायला हवा, दहा दिवसांत पीडित कुटुंबाला त्यांच्या हक्कांचा कागद हातात मिळायला हवा. केंद्राच्या २०२२ च्या नियमांत या दोन्ही मुदती आहेत. तपास कुठवर आला ते ९० दिवसांत फिर्यादीला कळवायचं, हे कलम १९३ सांगतं. गुन्हा नोंदवायला नकार मिळाला तर पोलीस अधीक्षकांना लेखी, पोस्टाने. तिथेही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे. या प्रत्येक टप्प्याचा अर्ज आम्ही मराठीत तयार ठेवू. भांडण करायला नाही, तारीख टाकायला. तारीख असलेला आणि पोच घेतलेला कागद ठाण्यातल्या चांगल्या अधिकाऱ्यालाही उपयोगी पडतो. टोलनाक्याचं चित्रण मागायला त्यालाही वरच्यांना दाखवायला काहीतरी हवं असतं.

एक मागणी मात्र आमच्या जिल्ह्यापुरती, आणि नव्याने. मृत्यू किंवा गंभीर दुखापत करून गाडी पळाली, की पहिल्या २४ तासांत दोन्ही बाजूंच्या टोलनाक्यांचं चित्रण आणि फास्टॅगच्या नोंदी राखून ठेवण्याचं पत्र ठाण्यातून निघालं पाहिजे, आणि वाटेतल्या पंपांना, ढाब्यांना, राईस मिलना तसं सांगितलं पाहिजे. तपास पुढे दोन महिने चालू दे. चित्रण तेवढं आधी जपून ठेवा. गोंदियाच्या पोलीस अधीक्षकांनी असा कायमचा आदेश काढावा, यासाठी आम्ही त्यांना भेटणार आहोत.

आता पैशाचं, कारण त्याविषयी आमच्या गावांत सर्वांत कमी माहिती आहे. गाडी सापडली नाही म्हणून भरपाई मिळत नाही, हा समज साफ चुकीचा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६१ खाली, १ एप्रिल २०२२ पासून, पळून गेलेल्या गाडीच्या धडकेत मृत्यू झाल्यास वारसांना २ लाख आणि गंभीर दुखापत झाल्यास ५० हजार रुपये मिळतात. आधी हीच रक्कम २५ हजार आणि साडेबारा हजार होती. त्यासाठी वकील लागत नाही, कोर्ट लागत नाही. ठरलेल्या नमुन्यात अर्ज लिहायचा आणि उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदार यांच्याकडे द्यायचा. सोबत एफआयआरची प्रत, शवविच्छेदन अहवाल किंवा दवाखान्याचे कागद, ओळखपत्र, बँक पासबुक. त्यांनी एका महिन्यात चौकशी करून जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवायचं, जिल्हाधिकाऱ्यांनी मंजूर करायचं, आणि रक्कम थेट खात्यात येते. पुढे गाडी सापडली आणि न्यायाधिकरणाकडून मोठी भरपाई मिळाली, तर त्यातून ही रक्कम वळती होते; म्हणून आधी हा अर्ज केल्याने कोणाचं नुकसान नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १२ जानेवारी २०२४ ला एस. राजसीकरन यांच्या याचिकेवर आणखी एक पाऊल टाकलं. अहवाल नोंदल्यापासून एक महिन्यात गाडीचा तपशील मिळाला नाही, तर पोलिसांनीच कुटुंबाला या योजनेची लेखी माहिती द्यायची आणि अहवाल तहसील पातळीवरच्या चौकशी अधिकाऱ्याकडे पाठवायचा. शिवाय प्रत्येक जिल्ह्यात विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव, चौकशी अधिकारी आणि उपअधीक्षकाहून कमी नसलेला पोलीस अधिकारी यांची समिती हवी, आणि ती निदान दोन महिन्यांतून एकदा बसायला हवी. आमच्या जिल्ह्याची समिती कधी बसली, किती प्रकरणं तिच्यापुढे आली, हे आम्ही माहितीच्या अधिकारात दर दोन महिन्यांनी विचारू, आणि आलेलं उत्तर ग्रामपंचायतीच्या फलकावर लावू. दोन लाखांनी माणूस परत येत नाही, हे आम्हाला कोणी सांगायला नको. पण घरातला कमावता गेल्यावर सावकाराचं कर्ज आधी दारात येतं, आणि त्याला दोन लाख समजतात.

जखमी जिवंत असेल तर या सगळ्याच्या आधी तो. ग्रामीण रुग्णालयातून गोंदियाला, तिथून नागपूरला, या प्रवासात आमची किती माणसं गेली. मे २०२५ पासून रस्ता अपघातातल्या जखमीवर सात दिवसांपर्यंत दीड लाखापर्यंतचे उपचार, पैसे न भरता, योजनेतल्या दवाखान्यात करायचे, असा केंद्राचा नियम आहे. गाडी पळालेली असली तरी तो लागू आहे. ‘आधी पैसे भरा’ असं ऐकू आलं तर केंद्राच्या या नियमाचा दाखला द्या. आणि जखमीला उचलणाऱ्याने पोलिसांच्या फेऱ्यांची भीती सोडावी. २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात कलम १३४ अ आलं; मदत करणाऱ्यावर गुन्हा लागत नाही, त्याला नाव सांगायची सक्ती नाही, त्याला दवाखान्यात अडकवून ठेवता येत नाही. उलट वेळेत दवाखान्यात पोचवणाऱ्याला राहवीर योजनेत २५ हजार रुपयांचं बक्षीस आहे. देवलापारला न थांबलेल्या गाड्यांत बसलेली सगळी माणसं दुष्ट नव्हती. त्यांतल्या पुष्कळांना ‘नसती लफडी’ नको होती, एवढंच.

जाता जाता एक. ऑगस्ट २०२३ मध्ये एका रात्री याच गोंदिया-कोहमारा रस्त्यावर मुरदोलीच्या जंगलात एका कारने वाघाला उडवलं. जखमी वाघ रस्त्यावरून फरफटत जंगलात शिरतानाचा व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला. पुढे तो वाघ मेला. नवेगाव-नागझिऱ्याच्या वाघांवर आमचाही जीव आहे, त्यांच्यासाठी वेगमर्यादा लागली तर ती पाळणारे पहिले आम्ही असू. पण त्या रात्री रस्त्यावर जे झालं ते आमच्या माणसांच्या बाबतीतही होतं. वाघासाठी जेवढी हळहळ झाली तेवढी मागण्याचाही संकोच वाटावा, ही वेळ आमच्यावर यायला नको होती.

रस्त्यावर दिवे नाहीत, बसथांबे चुकीच्या जागी आहेत, गावाजवळच्या फाट्यांवर वेग कमी होत नाही. हे सगळं खरं आहे आणि त्यासाठी भांडणारे लोक आहेत. आम्ही त्यांच्या बरोबर आहोत. हा जाहीरनामा त्याच्यासाठी नाही. धडक होऊन गेल्यानंतर जे होतं आणि जे होत नाही, एवढंच आम्ही हाती घेतलं आहे.

मृतदेह रस्त्यावर ठेवून चक्काजाम आम्ही करणार नाही. आजवर केला, त्याला कारणंही होती. पण तहसीलदार येतात, आश्वासन देतात, रस्ता मोकळा होतो, आणि त्या तीन तासांत काचा गाड्यांखाली भरडल्या जातात, चित्रण मागायचं राहून जातं. तीच तीन तासांची माणसं आम्हाला दुसऱ्या कामाला हवी आहेत: चौघांनी जागा राखायची, दोघांनी फोटो काढायचे, दोघांनी दुचाकीवर वाटेतले कॅमेरे पाहून यायचे, एकाने घरच्यांबरोबर दवाखान्यात, एकाने ठाण्यात.

या चळवळीला अध्यक्ष नाही, पावतीपुस्तक नाही. वर्गणी मागायला कोणी आलं तर तो आमचा नाही. कोणत्याही पक्षाचा माणूस येऊ शकतो, फक्त आपल्या पक्षाच्या नेत्याच्या पोराची गाडी असली तरी तो मागे हटणार नसेल तर. पुण्यात मे २०२४ मध्ये आणि वरळीत जुलै २०२४ मध्ये बड्या घरच्या पोरांच्या गाड्यांनी माणसं मारली तेव्हा काय झालं ते सगळ्यांनी वाचलं आहे. तिथे गाडी कोणाची हे लगेच कळलं, तरी माणसाला कायद्यापुढे उभं करायला वर्तमानपत्रांना आणि लोकांना मागे लागावं लागलं. आमच्याकडे तर गाडीपासूनच सुरुवात आहे.

१ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि २६ जानेवारी या दिवशी ग्रामसभा होते. तुमच्या गावाच्या पुढच्या ग्रामसभेत हा ठराव मांडा: ‘आमच्या गावाच्या हद्दीत अपघातानंतर थांबलेल्या ड्रायव्हरला मारहाण होणार नाही. जखमीला ताबडतोब दवाखान्यात नेलं जाईल. अपघाताची जागा पोलीस येईपर्यंत राखली जाईल. पळालेल्या गाडीची माहिती कोणीही लपवणार नाही, ती कोणाचीही असो. गाडी न सापडल्यास वारसांचा अर्ज ग्रामपंचायत स्वतः भरून तहसीलला देईल.’ शब्द आवडले नाहीत तर बदला. ठरावाची एक प्रत पोलीस ठाण्यात द्या, एक तहसील कार्यालयात, एक कोहमाऱ्याच्या चौकातल्या फलकावर लावायला आमच्याकडे. आणि घरातल्या प्रत्येक मोबाईलमध्ये आज तीन क्रमांक घाला: पोलिसांसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, महामार्गासाठी १०३३.